गाण्याला कुलूप, पण किल्ली कोणाकडे?

कापडाच्या धंद्यातला सौदा साधा असतो. तागा मोजला, पैसे गल्ल्यात पडले, माल गिऱ्हाइकाचा झाला. त्याने त्याचा कुर्ता शिवावा, उशीचे अभ्रे करावेत किंवा घडी घालून पेटीत ठेवून द्यावा. शिंपी कोणता गाठला, मशीन कोणत्या कंपनीचे वापरले, हे विचारण्याचा हक आम्हाला उरत नाही. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बाजारात असा एक माल आला आहे की, पुरी किंमत मोजली तरी विकणाऱ्याचा हात त्यावरून निघत नाही. तो माल म्हणजे कॉम्प्युटरवर किंवा मोबाईलवर विकत मिळणारे गाणे.

व्यापाराच्या पानावर गाण्याबजावण्याचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे कारण असे की, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात मोबाईल विक्री व दुरुस्तीची लहान लहान दुकाने आपल्या अनेक तरुणांनी काढली आहेत. अशा दुकानात गिऱ्हाईक जुना फोन किंवा जुना कॉम्प्युटर घेऊन येते आणि म्हणते, "यातली गाणी नव्या फोनमध्ये टाकून दे." मुलगा तासभर खटपट करतो. काही गाणी वाजतात, काही वाजतच नाहीत. गिऱ्हाईक तकरार करते की, ही तर पैसे देऊन घेतलेली आहेत. दुकानदार म्हणतो, फाईल खराब झाली असेल. पुष्कळदा फाईल खराब नसते. तिला कुलूप असते. ते कुलूप उघडून देणे काही बाबतीत कायद्याला मान्य आहे आणि काही बाबतीत दोन वर्षांच्या कैदेला पात्र आहे. हा फरक ज्याला ठाऊक नाही, त्याच्या दुकानावर संकट येऊ शकते. म्हणून हा लेख.

कॅसेटचा जमाना

आमच्या तरुणपणी गाणी कॅसेटवर मिळत. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दुकानदाराला दिली की, दोन दिवसांत तो कॅसेट भरून देत असे. कव्वालीची एखादी चांगली कॅसेट एका घरात आली की, तिच्या चार नकला मोहल्ल्यात फिरत. दुकानदार तेव्हा दोन खणांचा टेपरेकॉर्डर वापरीत. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन लहान टिकल्या असत. त्या मोडल्या की तिच्यावर दुसरे काही भरता येत नसे, आणि मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येई. कुलूप म्हणावे तर तेवढेच होते, आणि तेही आपल्याच हातात होते.

हे सारे कायदेशीर होते असे आमचे म्हणणे नाही. परंतु नकलेला निसर्गाचीच एक मर्यादा होती. मूळ कॅसेटवरून नक्कल केली की आवाज थोडा बसे, नकलेची नक्कल केली की खरखर वाढे. पाचव्या-सहाव्या नकलेत गायक आणि पेटी सारखेच वाटू लागत. त्यामुळे ऐपत असलेला माणूस अखेर अस्सल कॅसेट घ्यायला येत असे.

त्याच काळात अस्सल मालाची किंमत उतरली तर काय होते, हेही दिसले. दिल्लीच्या दर्यागंजमध्ये फळांच्या रसाच्या दुकानापासून सुरुवात करणारे गुलशनकुमार यांनी १९८३ साली सुपर कॅसेट्स ही कंपनी काढली. त्यांनी कॅसेट स्वस्त केली आणि ती किराणा दुकानापासून पानाच्या टपरीपर्यंत पोहोचवली. एरवी भरून घेतलेल्या कॅसेटवर भागवणारे लोकही दुकानातून कॅसेट विकत घेऊ लागले. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी वाचकांनी ध्यानात ठेवावी.

उल्हासनगरचे नाव निघाले की लोक हसून 'मेड इन यूएसए' म्हणतात. त्याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असा जुना विनोद आहे. फाळणीनंतर लष्करी छावणीत येऊन राहिलेल्या सिंधी निर्वासितांनी येथे बाजार उभा केला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. फर्निचर, कपडे, मिठाई असा अस्सल माल येथे रात्रंदिवस तयार होतो, तरी नकलेचा डाग गावाच्या नावाला चिकटला तो चिकटलाच. म्हणूनच येथील दुकानदाराने गाण्यांच्या बाबतीत दुप्पट सावध राहणे शहाणपणाचे आहे.

कुलूप म्हणजे नेमके काय?

कॅसेट गेली, सीडी आली आणि मग गाणे निव्वळ आकड्यांची फाईल झाले. आकड्यांची नक्कल बसत नाही. हजारावी नक्कलही पहिल्याइतकीच स्वच्छ असते. याने कंपन्या घाबरल्या आणि त्यांनी गाण्याला कुलूप लावले.

हे कुलूप असे चालते. गाण्याची फाईल गुप्त लिपीत बदललेली असते. ती वाचण्यासाठी एक किल्ली लागते, आणि ती किल्ली कंपनीच्या दूरवरच्या कॉम्प्युटरवर असते. तुम्ही गाणे लावले की तुमचे मशीन तिकडे परवानगी मागते. खाते तुमचे, मशीन नोंदलेले, संख्या मर्यादेत, असे सर्व जुळले तर किल्ली मिळते. थोडक्यात, तिजोरी तुमच्या घरात, तिच्यातली वस्तू तुमच्या पैशांची, पण चावी विकणाऱ्याच्या खिशात.

अॅपल कंपनीने २८ एप्रिल २००३ रोजी अमेरिकेत आपले गाण्यांचे दुकान उघडले तेव्हा एक गाणे ९९ सेंटना मिळे. त्या गाण्याला कुलूप होते. ते ठरावीक संख्येच्या कॉम्प्युटरवरच वाजे, आणि ही मर्यादा पुढे पाच कॉम्प्युटरची झाली. दुसऱ्या कंपनीच्या वाजवण्याच्या यंत्रावर ते चालत नसे. कापडवाल्याने 'हे कापड फक्त आमच्याच शिंप्याकडे शिवता येईल' म्हटले तर गिऱ्हाईक दुसऱ्या पेढीवर जाईल. येथे ते जाऊ शकत नव्हते, कारण जवळपास सर्वच पेढ्यांवर कुलुपाचा माल होता.

कुलुपाचा अनुभव

या कुलपांनी चोर अडला का? २००२ साली काही सीडींवर कुलूप लावून त्या युरोपात विकल्या गेल्या. सीडीच्या कडेला साध्या मार्कर पेनने रेघ ओढली की ते कुलूप निकामी होते, अशा बातम्या त्याच वर्षी जगभर छापून आल्या. कुलूप करण्यावर लाखो खर्च झाले होते आणि ते एका पेनाने उघडले.

यापेक्षा वाईट प्रकार २००५ साली झाला. सोनी बीएमजी कंपनीने आपल्या काही सीडींमध्ये असा प्रोग्राम ठेवला की, सीडी कॉम्प्युटरमध्ये घालताच तो गुपचूप आत शिरून लपून बसे. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने ३१ ऑक्टोबर २००५ रोजी ही गोष्ट उघड केली. त्या लपलेल्या जागेचा फायदा घेऊन व्हायरसही शिरू लागले. शेवटी कंपनीला त्या सीडी बाजारातून परत मागवाव्या लागल्या आणि खटले झाले. येथे त्रास कोणाला झाला, हे पाहण्यासारखे आहे. ज्याने फुकट नक्कल मिळवली त्याच्या मशीनला काही झाले नाही. ज्याने दुकानात जाऊन पैसे मोजले त्याचे मशीन बिघडले.

तिसरा अनुभव व्यापाऱ्याने विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. दुकानच बंद झाले तर किल्लीचे काय? मायक्रोसॉफ्टने एमएसएन म्युझिक हे आपले दुकान २००६ साली बंद केले. एप्रिल २००८ मध्ये त्यांनी गिऱ्हाइकांना कळवले की, ३१ ऑगस्टनंतर नव्या कॉम्प्युटरसाठी किल्ल्या मिळणार नाहीत. म्हणजे मशीन बदलले की विकत घेतलेली गाणी मुकी. ओरड झाल्यावर ही मुदत २०११ अखेरपर्यंत वाढवण्यात आली. याहूने आपले दुकान ३० सप्टेंबर २००८ रोजी बंद केले आणि गिऱ्हाइकांना गाणी साध्या सीडीवर उतरवून ठेवा असा सल्ला दिला. ज्यांनी स्वतः कुलूप लावले त्यांनीच अखेर कुलपाबाहेर पडण्याची वाट दाखवली.

अखेर व्यापारच शहाणा झाला. ६ फेब्रुवारी २००७ रोजी अॅपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र काढून, कंपन्यांनी परवानगी दिली तर आपण बिनकुलपाची गाणी आनंदाने विकू, असे सांगितले. दोनच महिन्यांत ईएमआय कंपनी तयार झाली. सप्टेंबर २००७ मध्ये अॅमेझॉनने बिनकुलपाच्या गाण्यांचे दुकान सुरू केले. जानेवारी २००९ मध्ये अॅपलने आपल्या दुकानातील सर्व गाण्यांचे कुलूप काढत असल्याचे जाहीर केले. भारतात त्यांचे गाण्यांचे दुकान डिसेंबर २०१२ मध्ये उघडले तेव्हा ते बिनकुलपाचाच माल घेऊन आले.

आपल्या देशातील फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये 'फ्लाईट' नावाचे गाण्यांचे दुकान काढले होते. तेही बिनकुलपाचे होते. जून २०१३ मध्ये ते बंद पडले, परंतु गाणी उतरवून घेण्यासाठी गिऱ्हाइकांना ऑगस्टपर्यंत मुदत दिली गेली. ज्यांनी ती उतरवून घेतली त्यांच्याजवळ ती राहिली. दुकान बुडाले तरी माल गिऱ्हाइकाचा राहिला. एमएसएन आणि फ्लाईट या दोन दुकानांतील फरक म्हणजेच कुलुपाचा सारा हिशेब होय.

आता विक्री कमी, भाडे जास्त

आज बदलापूरहून लोकलने रोज सव्वा-दीड तास मुंबईला जाणारा माणूस कानात गाणी ऐकतो, ती बहुधा विकत घेतलेली नसतात. महिन्याला किंवा वर्षाला पैसे भरले की लाखो गाणी ऐकायला मिळतात. सिग्नल नसताना ऐकण्यासाठी ती फोनमध्ये उतरवूनही ठेवता येतात. मात्र हे उतरवणे म्हणजे मालकी नव्हे. ती फाईल कुलुपातच असते आणि पैसे भरणे थांबले की ती वाजत नाही.

भाड्याच्या घरात राहणे वाईट नाही, पण भाडेकरू आहोत हे ठाऊक असले पाहिजे. गाना या सेवेने २०२२ मध्ये फुकट ऐकवणे बंद करून फक्त पैसे भरणाऱ्यांसाठी दार उघडे ठेवले. रेसो ही सेवा ३१ जानेवारी २०२४ रोजी भारतात बंद झाली. त्याच वर्षी एअरटेलने विंक म्युझिक बंद केले. त्यावर वर्षानुवर्षे जमवलेल्या याद्या आणि उतरवलेली गाणी त्या दारामागेच राहिली.

याउलट सारेगामा कंपनीने २०१७ साली 'कारवाँ' नावाचा रेडिओसारखा डबा आणला. त्यात ५,००० जुनी गाणी भरलेली आली. ती काढून दुसरीकडे नेता येत नाहीत, म्हणजे कुलूप येथेही आहे. परंतु तो वाजवण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, आणि काय मिळते व काय मिळत नाही हे घेतानाच कळते. असा उघड सौदा वडीलधाऱ्यांना पसंत पडला, यात नवल नाही.

कायदा काय सांगतो?

आता मुख्य मुद्दा. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. २०१२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि ती २१ जून २०१२ पासून लागू झाली. तिने कलम ६५-अ घातले. हक्क राखण्यासाठी लावलेले कुलूप जो कोणी ते हक्क मोडण्याच्या हेतूने चुकवील, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

येथे 'हेतूने' हा शब्द फार मोलाचा आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात कुलूप तोडणे हाच बहुतेक बाबतीत गुन्हा मानला आहे. आपल्या कायद्याने हेतू विचारला आहे. एवढेच नव्हे तर, या कायद्याने जे काम स्पष्टपणे मना केलेले नाही त्यासाठी कुलूप चुकवण्यास हे कलम आड येत नाही, असे पुढे म्हटले आहे. कलम ५२ मध्ये खाजगी वा स्वतःच्या वापरासाठी योग्य प्रमाणात केलेल्या उपयोगाला सूट आहे. तेव्हा स्वतः विकत घेतलेले गाणे स्वतःच ऐकण्यासाठी दुसऱ्या फोनवर नेणाऱ्याचा हेतू हक्क मोडण्याचा आहे, असे म्हणणे कठीण आहे. कंपनीच्या अटी मोडल्या म्हणून ती खाते बंद करू शकेल, पण तो भाग निराळा.

दुकानदारासाठी त्याच कलमात एक शर्त आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. दुसऱ्याला अशा कामात मदत करणाऱ्याने त्या माणसाची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे. नाव, पत्ता, ओळख पटण्यास लागणारा तपशील आणि काम कशासाठी केले ते कारण. म्हणजे वही ठेवणे ही मर्जीची बाब नाही, कायद्याची आहे.

मात्र भाड्याच्या सेवेतले गाणे कुलूप काढून कायमचे ठेवणे किंवा एका गिऱ्हाइकाची गाणी दुसऱ्याला विकणे या सदरात बसत नाही. ज्या दुकानात परवान्याशिवाय गाणी कार्डात भरून पैसे घेतले जातात, तेथे कलम ६३ येते. त्यात सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२२ रोजी निट प्रो इंटरनॅशनलच्या खटल्यात निकाल दिला की, कलम ६३ खालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. काही रुपयांच्या कामासाठी मुलाचे करिअर पणाला लावू नये.

आणखी एक बाब. गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात व ते सहसा कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतात. कायद्याने हक्क संपतो तरी कुलुपाला तारीख कळत नाही. ते तसेच लटकत राहते.

कुलूप नको, किनार असू द्या

वाचकांपैकी कोणी म्हणेल की, तुम्ही गिऱ्हाइकाचीच बाजू घेता. तसे नाही. नकलेचा मार आम्ही कापडवाले रोज खातो. नवे डिझाईन बाजारात आले की थोड्याच दिवसांत तीच छपाई हलक्या कापडावर दिसू लागते. डिझाईन कायदा २००० खाली नोंद केली तर दहा वर्षे, आणि पुढे पाच वर्षे वाढवून, संरक्षण मिळते. नोंद न करता डिझाईनच्या ५० हून अधिक प्रती कारखान्यात काढल्या तर त्यावरचा कॉपीराइटही उरत नाही. तेव्हा गायक, शायर, वादक यांच्या मेहनतीची चोरी होते तेव्हा त्यांना काय वाटत असेल हे आम्हाला कळते. त्यांचा हक मारून बरकत येत नाही.

पण नकलेला कंटाळून आम्ही कापडात कुलूप विणले नाही. मिलवाले काय करतात? ताग्याच्या किनारीवर आपले नाव छापतात. गिऱ्हाईक कापड कोठेही शिवते, आणि माल कोणाचा हे किनार सांगते. गाण्यालाही अशी किनार असते. अॅपलने २००७ साली बिनकुलपाची गाणी विकायला काढली तेव्हा फाईलमध्ये खरेदीदाराच्या खात्याचे नाव लिहिलेले असे. गाण्याचे, गायकाचे व मालकाचे नाव अशी जी माहिती फाईलमध्ये असते, ती हेतुपुरस्सर व परवानगीशिवाय काढून टाकणे आपल्याकडेही कलम ६५-ब खाली गुन्हा आहे. अशा किनारीने प्रामाणिक गिऱ्हाइकाची अडचण होत नाही आणि मालकाचे नावही राहते. त्यात भाव वाजवी असला की काय होते, ते कॅसेटच्या जमान्यात दिसलेच आहे.

करावे काय?

१) गाणे घेताना पहिला प्रश्न विचारा की, हे विकत आहे की भाड्याने? अॅपमध्ये 'डाऊनलोड' लिहिले म्हणजे माल आपला झाला असे समजू नये.

२) कायम ठेवायचे असेल तर बिनकुलपाची फाईल किंवा साधी सीडी घ्या. बॅन्डकॅम्पसारख्या ठिकाणी कलाकार स्वतः बिनकुलपाची गाणी विकतात.

३) घेतल्याबरोबर दोन जागी उतरवून ठेवा आणि पावती जपा. पावती नसेल तर मालकी सिद्ध करणे अवघड जाते.

४) दुकानदारांनी वही घालावी. तारीख, नाव, पत्ता, ओळखपत्राचा तपशील, कामाचे कारण आणि गिऱ्हाइकाची सही. खरेदीची पावती पाहिल्याशिवाय कुलुपाच्या कामाला हात लावू नये. शंका आली तर काम नाकारावे किंवा वकिलाला विचारावे.

५) दुकानात गिऱ्हाइकांसाठी गाणी वाजवणे हा वेगळ्या परवान्याचा विषय आहे. घरगुती खरेदीची पावती तेथे चालत नाही.

६) 'विकत' म्हणून पैसे घेतले आणि नंतर गाणे बंद पडले तर गप्प बसू नये. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये डिजिटल मालाचा व्यवहारही येतो. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे आपल्या तिन्ही गावांच्या लोकांना ठाणे जिल्हा आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करून पाहावा.

गाण्यापुरती ही गोष्ट येथेच थांबत नाही. दुकानातला हिशेबाचा प्रोग्राम, मुलांची पुस्तके, मशीनमधला सॉफ्टवेअर, सर्वच माल आता हळूहळू असा होत चालला आहे की पैसे आपले आणि चावी दुसऱ्याची. तेव्हा कारखानदार असो की कारागीर, मोठी मशीन घेताना किंमत विचारतो तसेच हेही विचारावे की, उद्या तुमची कंपनी बंद झाली तर माझे हे चालेल का? उत्तर लेखी घ्यावे. ते मिळत नसेल तर तो माल भाड्याचा समजून भाड्याइतकीच किंमत द्यावी.